तराजू कोणाच्या हाती?
(अभ्यासवर्गात केलेले भाषण)



व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि जिवलगांविषयीची जबाबदारी यांतील संघर्ष हे अंतःकरणातील द्वंद्व आहे, असे बहुधा सांगितले जाते. जणू प्रत्येकाच्या हाती सारखाच तराजू आहे आणि कोणत्या पारड्यात किती वजन घालावयाचे, एवढेच ज्याने त्याने ठरवावयाचे आहे! तराजू मुळात कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न या मांडणीत येतच नाही.

कल्याणच्या एका विवाहित महिला डॉक्टरविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात १९८७ साली निकाली निघाला. पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर दुसरा विवाह केलेल्या वडिलांनी या मुलीकडे दरमहा ५०० रुपये पोटगी मागितली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ मध्ये ‘त्याचा पिता किंवा माता’ अशा अर्थाचे शब्द होते. ‘त्याचा’ म्हणजे पुत्राचा, विवाहित कन्या त्यात येत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो अमान्य केला. कायद्यातील पुल्लिंगी सर्वनामात स्त्रीचाही समावेश होतो, लग्न झाल्याने कन्येचे नाते संपत नाही आणि ज्यांना पुत्र नाही अशा मातापित्यांना निराधार सोडता येत नाही, असा तो निर्णय होता. एक अट अशी : पतीच्या उत्पन्नावर अवलंबून नसलेले स्वतःचे पुरेसे साधन मुलीपाशी असले पाहिजे.

या निर्णयाचे मी स्वागतच करतो. मुलगी म्हणजे परक्याचे धन असे मानणाऱ्या समाजाला त्याने चांगलीच चपराक दिली. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला. त्यातूनही कायदा अमलात येण्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ही उणीव २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने दूर झाली. म्हणजे जबाबदारी आधी आली आणि हक्क मागाहून. शिवाय आजही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना जिव्हाळ्याचीच भाषा बोलली जाते. त्याच जिव्हाळ्यापोटी भावाने सही करावी, असे कोणी सुचविल्याचे निदान माझ्या कानावर आलेले नाही.

पैशाची गोष्ट सोडून दिवसाच्या तासांकडे वळलो, तर हा तराजू अधिकच कललेला दिसतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा सरासरी वेळ दिवसाला २९९ मिनिटे आढळला, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. येथे आपणही अंतर्मुख झाले पाहिजे. आपल्या चळवळीतील पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या त्यागाचा गौरव सभांतून होतो, आणि तो उचितच आहे. परंतु शाळेत नोकरी करून, सासूसासऱ्यांचे औषधपाणी सांभाळून त्याचे स्वातंत्र्य शक्य करणारी पत्नी त्या सभेला बहुधा हजरही नसते. तिने उद्या पूर्णवेळ कार्यकर्ती व्हावयाचे ठरविले, तर आपल्यापैकी किती जण नोकरी धरून घर सांभाळावयास तयार होतील?

मात्र हे सारे घराच्या चार भिंतींत मिटवावे, असे मी म्हणत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याने निर्वाहाचा भार मुलांवर सक्तीने टाकला. त्याच कायद्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यागणिक निदान एक, किमान १५० जणांना सामावून घेणारा वृद्धाश्रम असावा अशी तरतूद आहे. मुलांच्या कलमातील भाषा बंधनाची आहे. शासनाच्या कलमात मात्र ‘स्थापन करता येतील’ एवढेच म्हटले आहे. शासनाला दिलेली ही मोकळीक काढून घेण्याची मागणी आपण केली पाहिजे. तोवर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याजवळ नोकरी सोडून कोणी बसावयाचे, हे घरात ठरेल आणि तेथे बहुधा सुनेकडेच बोट दाखविले जाईल.