क्रांतिकाळातील नोटांचा हिशेब



क्रांतिकाळातील रशियन नोटा जमविणाऱ्या संग्राहकांच्या लेखी नोटेचे मोल तिच्या दुर्मीळपणावर ठरते. समाजवादी कार्यकर्त्याने हा क्रम उलटा लावावयास हवा. जी नोट आज सहज व स्वस्तात मिळते, ती अमाप छापली गेली होती. आणि अमाप छापली गेल्यामुळेच तिने सामान्यांचे जिणे सर्वाधिक भरडले.

१९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीनंतर हंगामी सरकारने २० व ४० रूबलच्या लहानशा नोटा काढल्या. केरेन्स्की यांच्या नावावरून लोक त्यांना ‘केरेन्की’ म्हणत. त्यांवर क्रमांक नाही, सही नाही, सालही नाही. तावच्या ताव न कापताच बाजारात येत आणि लोक लागतील तेवढ्या नोटा कात्रीने कापून देत. बोल्शेविकांनी सत्ता घेतल्यावरही त्यांची छपाई चालूच राहिली. यादवी युद्धात ओम्स्कला कोल्चाक व दक्षिणेत देनिकिन यांनी आपापल्या नोटा काढल्या; खोरेझम प्रजासत्ताकाने तर त्या रेशमी कापडावर छापल्या. संग्राहकाला हे वैविध्य म्हणजे पर्वणीच. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र सत्ता बदलली की घरातील नोट रद्दी झाली, एवढाच त्याचा अर्थ होता.

सोव्हिएत राजवटीच्या १९१९ सालच्या नोटांवर जगातील कामगारांना एकजुटीची हाक सात भाषांत दिलेली आहे. त्यांत चिनी आणि अरबीही आहेत. हाक प्रामाणिक होती, पण ती ज्या कागदावर होती त्याची किंमत सतत घसरत होती. प्रेओब्राझेन्स्की यांनी १९२० साली नोटांच्या छापखान्याला बूर्झ्वा व्यवस्थेवर रोखलेल्या मशीनगनची उपमा दिली. तिच्या गोळ्या केवळ बूर्झ्वांना लागल्या नाहीत. ज्याच्यापाशी धान्य वा सोने होते तो कसाबसा तगला. ज्याच्यापाशी मजुरीची नोट तेवढी होती, तो उघडा पडला. अखेर कामगारांची मजुरी बव्हंशी शिधा व वस्तूंच्या रूपात द्यावी लागली. १९२२ मध्ये सोन्याचा आधार असलेले चेर्वोनेत्स आले. १९२४ च्या चलनसुधारणेत एका नव्या रूबलला १९२३ चे ५०,००० रूबल, म्हणजेच मूळचे ५० अब्ज रूबल, असा भाव ठरला.

युद्ध होते, नाकेबंदी होती, उत्पादन कोसळले होते, खजिना रिकामा होता. ही कारणे खरी आहेत. परंतु चलनफुगवटा हा कायदेमंडळात न मांडलेला कर असतो आणि तो कष्टकऱ्यांकडून आधी वसूल होतो. सरकार कोणाच्या नावाने चालते यामुळे त्यात फरक पडत नाही.

या कहाणीला एक पुढचा भागही आहे. १९२० च्या दशकात सोव्हिएत शासनानेच बाद नोटा व टपाल तिकिटे संग्राहकांना विकण्याची व्यवस्था केली. फ्योदर चुचिन यांच्याकडे त्या कामाची धुरा होती. नोटांची सूचीही त्यांच्याच संपादनाखाली निघाली. विक्रीचे उत्पन्न दुष्काळग्रस्तांच्या आणि निराधार मुलांच्या मदतीसाठी होते. ज्या कागदाला पाव मिळेनासा झाला होता, तो असा थोड्या मुलांच्या तरी मुखी लागला.

तेव्हा संग्रह अवश्य करावा. पण रेशमी नोटेइतकेच मानाचे स्थान त्यात मळक्या केरेन्कीलाही द्यावे. क्रांतीची किंमत कोणी मोजली, याची साक्ष तीच देते.