युद्धकाळातील सरकारी अधिकार आणि एक हस्तलिखित



युद्ध सुरू झाले की सरकारला जादा अधिकार द्यावे लागतात, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते कोठवर पसरतात आणि परत केव्हा घेतले जातात, हे कोणी पाहायचे?

आपल्याच राज्यातला एक खटला सांगतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. २६ तारखेला आणीबाणी पुकारली गेली. भारत संरक्षण कायदा आला. त्याखाली स्थानबद्ध झालेल्याला घटनेच्या २१ व्या कलमाच्या आधारे कोर्टात दाद मागता येणार नाही, असा राष्ट्रपतींचा हुकूम निघाला. २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी जाहीर केली. आणीबाणी मात्र उठली ती जानेवारी १९६८ मध्ये!

या काळात प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी, सरकारच्याच परवानगीने, ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले. विषय निव्वळ विज्ञानाचा. (‘अणू’ हा शब्द पाहूनच कोणी दचकले की काय, न कळे.) सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठविण्याची परवानगी मागितली. मार्च १९६५ मध्ये सरकारने ती नाकारली.

उच्च न्यायालयात ते जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणणे असे की, स्थानबद्धाला नियमांत लिहिलेल्या सवलतीच मिळतात आणि पुस्तक छापण्याची सवलत त्यांत नाही. न्या. सुब्बा राव यांनी हे मानले नाही. नियम म्हणजे निर्बंध, मेहेरबानीची यादी नव्हे. नियमाने जे काढून घेतलेले नाही, ते माणसाकडे राहतेच. आणि मनाईच कायद्याला धरून नसेल, तर राष्ट्रपतींचा हुकूमही कोर्टाची वाट अडवू शकत नाही. सरकारचे अपील फेटाळले गेले. तारीख होती ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपले सैन्य लाहोरच्या आघाडीवर सीमा ओलांडत होते!

पालकांना हे मुद्दाम सांगतो. सरकारी शिक्का दिसला की आपण मुलांना गप्प बसवतो. हा हुकूम कोणत्या कलमाखाली निघाला, एवढे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे.

न्यायालये नेहमीच अशी खंबीर राहिली असेही नाही. १९७१ च्या युद्धात पुकारलेली आणीबाणी उठली नव्हतीच; १९७५ मध्ये तिच्यावर दुसरी आली. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरच्या खटल्यात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना कोर्टाचे दार बंद केले. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात राहिले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २० वे व २१ वे कलम आणीबाणीच्या कक्षेबाहेर काढले. जबलपूरचा निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वतः म्हणायला २०१७ साल उजाडले.

संझगिरींच्या खटल्याचा निकाल लहानसा आहे. कॉलेजातल्या मुलामुलींनी तो मूळ इंग्रजीत वाचावा आणि घरी वडीलधाऱ्यांना आपल्या भाषेत समजावून सांगावा.