यात्रेचं वेगळं पान



आपल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावची मतमाउलीची यात्रा तुम्हाला ठाऊकच आहे. 8 सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस. त्या सुमारास यात्रा भरते. आधी नोव्हेनाची प्रार्थना, मग सणाची मिस्सा. मुंबई-पुण्याला गेलेली लेकरं घरी येतात, माहेरवाशिणी येतात. इतर धर्माच्या बायाही दर्शनाला येतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातली एक ताई मात्र आलीच नाही. मी घरी गेले, तर दार आतून लावलेलं. म्हणाली, "पाहुणे येणार. गोडधोड करायचं, लेकीला साडी घ्यायची. त्यासाठी सावकाराच्या दारात जाऊ का? त्यापेक्षा घरात बसलेली बरी."

मला फार लागलं. तिच्या शेजारी बसून मी रोज प्रार्थना म्हणत होते, पण तिची अडचण मला कळली नव्हती.

पुढच्या बैठकीत आम्ही ठरवलं, बचतीशिवाय दरमहा 20 रुपये यात्रेसाठी. वहीत त्याचं पान वेगळं. बारा जणींचे वर्षाला 2880 रुपये जमले. पाहुण्यांचं जेवण घरोघरी न करता एकत्र केलं. भाकरी, आमटी आणि लापशी, एकच पंगत. साड्यांची देवघेव बंद.

गेल्या वर्षी ताई लेक-जावयाला घेऊन आली. पंगतीत लापशी तीच वाढत होती.

तुमच्याकडे जत्रा असेल, उरूस असेल, सप्ताह असेल. सण जवळ आला की एवढं बघा, गटातलं कोणाचं दार आतून लावलेलं आहे? आधी ते वाजवा.