यंत्राच्या बैलावर आम्ही सहाजणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आताच चिटणीसबाईंनी अहवाल वाचला. शिवणवर्ग आला, भिशी आली, हळदीकुंकू आले. एक गोष्ट मात्र त्यांनी संकोचाने गाळली. ती मी सांगावी असे ठरले आहे, कारण सर्वांत आधी मीच पडले.

दिवाळीनंतर आपल्या यवतमाळात आनंदमेळा भरला होता. मंडळाने तिथे पापड-कुरडयांचे दुकान लावले होते. शेवटच्या संध्याकाळी हिशेब मिटवून आम्ही सहाजणी मेळा पाहायला निघालो. आकाशपाळण्याच्या पलीकडे ही गर्दी! हवा भरलेली मोठी गादी आणि तिच्या मधोमध एक बैल. बैल कसला, पिंपासारखे धड, शिंगे आणि धरायला एक दोर. खाली विजेची मोटर. बैल गरगर फिरतो आणि पुढे-मागे उसळतो. त्याचा वेग बाजूला बसलेल्या पोऱ्याच्या हातातल्या दांडीवर.

निर्जीव बैल आपल्याला नवा नाही. तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल मिरवतात, आपण त्यांना ओवाळतो. हा बैल मात्र अमेरिकेतला. तिकडे उधळणाऱ्या खऱ्या बैलावर एका हाताने धरून आठ सेकंद टिकण्याचा खेळ असतो. त्याच्या सरावासाठी यंत्राचे बैल आले आणि पुढे ते करमणुकीच्या जागी शिरले. 1980 साली ‘अर्बन काउबॉय’ हा चित्रपट आला आणि या बैलाचे नाव सर्वदूर झाले. त्यात डेब्रा विंगर ही नटी त्या बैलावर बसलेली दाखवली आहे.

आमच्या गावच्या रांगेत मात्र सगळी पोरेच होती. “बायकांनी बसू नये का?” असे मी सहज विचारले आणि स्वतःच्याच शब्दात अडकले. पदर खोचला, बांगड्या काढून मैत्रिणीकडे दिल्या आणि बसले. आधी बैल पाळण्यासारखा डुलला. मला वाटले, जमले! तेवढ्यात असा झटका बसला की मी थेट गादीवर. लागले काहीच नाही. पण सभोवार जो हशा पिकला तो लागला. माझ्यामागून चौघी बसल्या. चौघींचे तेच झाले: आधी डुलणे, मग एकाएकी झटका, मग हशा.

सहाव्या आमच्या ज्येष्ठ सभासद. त्या बसणार नाहीत असेच आम्ही धरून चाललो होतो. वय साठीला आलेले, शिवाय यजमान नाहीत. लोक काय म्हणतील? त्या मात्र बैलाकडे न जाता त्या पोऱ्याकडे गेल्या.

“काहून रे बाबू, आम्हाले हळूहळू फिरवतं अन् शेवटी झटका काहून देतं?”

पोरगा ओशाळून म्हणाला, “काकू, लोक हसले पाहिजे ना!”

“मग आता मी हात वर करीन तेव्हाच वाढवजो.”

त्या बसल्या. मांड्या आवळून, एका हाताने दोर धरून, नजर बैलाच्या मानेवर. बैलाचे तोंड खाली गेले की त्या मागे रेलत, वर आले की पुढे झुकत. तीन वेळा त्यांनी हात वर केला, तीन वेळा पोराने वेग वाढवला. चौथ्यांदा वाढवला तेव्हा त्याही पडल्या, आणि पडल्यापडल्या स्वतःच आधी हसल्या. उठून आल्या तेव्हा पोरांनी बाजूला होऊन वाट दिली.

परतताना त्यांनी सांगितले ते मला विसरता येत नाही. यजमान गेले त्या साली पेरणी तोंडावर होती आणि गडी मिळेना. लग्न झाल्यापासून तिफणीमागे सरता धरून त्या चालत आल्या होत्या, पण कासरा कधी हातात आला नव्हता. त्या वर्षी तो त्यांनी धरला. बाईच्या हातची पेरणी उगवत नाही, असे भाऊबंद म्हणाले. ज्वारी उगवली! पुढे एका दुष्काळात बैलजोडी विकावी लागली. झूल अजून पेटीत आहे.

भगिनींनो, खांदमळणीला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी आपण लावतो, पोळ्याला पुरणपोळी आपण भरवतो. कासरा धरायची वेळ मात्र घरावर आपत्ती आली तरच यावी का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, तळेगाव दशासरच्या शंकरपटात, बायका स्वतः जोडी हाकतात. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मुक्या जनावराचे हाल होऊ नयेत हे तर खरेच. पण जोडी हाकणाऱ्या त्या बायकांच्या हातात निदान खरा कासरा असतो. आमच्या हातात दोर होता आणि दांडी दुसऱ्याकडे होती. पुष्कळ घरांत असेच असते. घरखर्चाचा दोर आपल्या हातात, पण सातबारा, पासबुक आणि कर्जाचे कागद आपण पाहिलेलेही नसतात. मग झटका बसतो आणि आपण आपल्यालाच दोष देतो.

मेळ्यात जाल तेव्हा जरूर बसा. पाठीचे, मणक्याचे दुखणे असेल किंवा दिवस गेले असतील तर मात्र बसू नका. मंगळसूत्र, बांगड्या काढून ठेवा. आणि बसण्याआधी दांडी कोणाच्या हातात आहे ते पाहून त्याच्याशी बोलून घ्या.

येत्या महिन्यात प्रत्येकीने घरचा सातबारा आणि पासबुक घेऊन मंडळात यावे. वाचून दाखवायला ज्येष्ठ बाई बसणार आहेत.