नव्या नियतकालिकाला व्याकरण किती हवे?

(किहीम, तालुका अलिबाग येथे तरुणांनी सुरू केलेल्या एका त्रैमासिकाच्या प्रारंभप्रसंगी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नवे नियतकालिक निघते तेव्हा वक्त्याने शुभेच्छा द्याव्यात आणि पुढच्या कार्यक्रमासाठी व्यासपीठ मोकळे करून द्यावे, अशी रीत आहे. शुभेच्छा आहेतच. परंतु पहिल्या अंकाची सिद्धता चालू असताना संपादक मंडळात एका प्रश्नावरून दोन तट पडले आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही, असे समजते. प्रश्न असा की, या अंकात व्याकरणाचा आग्रह किती धरावा? एका पक्षाचे म्हणणे, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक छापली जाता कामा नये. अशुद्ध छापण्यापेक्षा न छापलेले बरे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, ही अट घातली तर गावातील निम्म्या घरांत लेखणी उचललीच जाणार नाही. नाखवा लिहिणार नाही, वाडीत राबणारा लिहिणार नाही आणि इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलगी तर मुळीच लिहिणार नाही. मग जे चार-दोन जण आजवर लिहीत आले, तेच पुन्हा लिहितील. त्यासाठी नव्या त्रैमासिकाची आवश्यकता काय?

दोन्ही पक्षांची तळमळ खरी आहे. वादाचे मूळ मात्र एका गोंधळात आहे. व्याकरण आणि शुद्धलेखन या दोन गोष्टी एक समजून हा वाद चालला आहे. त्या वेगळ्या केल्या की निम्मा वाद उरत नाही.

प्रथम इतिहासाकडे पाहू. ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाला. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या आसपासचे तरुण होते. शेजारीशेजारी इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ असलेले हे पत्र प्रारंभी पाक्षिक होते, त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून ते साप्ताहिक झाले आणि १८४० पर्यंत चालले. त्यांच्या हाताशी व्याकरणाची साधने कोणती होती? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, म्हणजे जेमतेम एक वर्ष आधी प्रसिद्ध झाला होता. विल्यम कॅरे यांचे १८०५ चे मराठी व्याकरण होते, पण ते इंग्रजीत आणि परकीयांना मराठी शिकविण्यासाठी लिहिलेले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ यायला अजून चार वर्षे होती. ते १८३६ मध्ये आले. मराठी विरामचिन्हांची घडी बसविणारी मेजर थॉमस कँडी यांची पुस्तिका तर १८५० ची. तात्पर्य, मराठीतील पहिले वृत्तपत्र आधी निघाले आणि ज्या ग्रंथाने दादोबांना ‘मराठीचे पाणिनी’ ही पदवी मिळवून दिली, तो मागाहून आला. बाळशास्त्री नियमांची वाट पाहत बसले असते, तर महाराष्ट्राला आज ६ जानेवारी हा पत्रकार दिन म्हणून साजरा करता आला नसता. इंग्रजीची कथाही निराळी नाही. लंडनचे ‘डेली कुरंट’ हे दैनिक १७०२ मध्ये निघाले आणि जॉन्सनचा सुप्रसिद्ध कोश १७५५ मध्ये.

येथे पहिल्या पक्षाचा कोणी तत्काळ विचारील, मग बाळशास्त्र्यांनी मनास येईल तसे लिहिले काय? अर्थातच नाही. ते भाषेचे गाढे अभ्यासक होते आणि मुलांसाठी त्यांनी स्वतः व्याकरणाचे पुस्तकही लिहिले. ग्रंथरूपाने छापलेले नसले तरी व्याकरण भाषेत होतेच. मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर ते शतकानुशतके वास करून आहे. दादोबांनी ते शोधून मांडले. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या मांडणीची चिकित्सा केली आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात त्या विचाराला भव्य रूप दिले. यांपैकी कोणीही व्याकरण निर्माण केले नाही. ते आधीच होते.

शुद्धलेखनाचे तसे नाही. तो संकेत आहे, आणि संकेत ठरविले जातात व बदललेही जातात. याच किनाऱ्यावर आंग्र्यांचे आरमार नांदले. त्या काळचा सारा पत्रव्यवहार मोडीत होई. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांसाठी सामान्यतः निराळी चिन्हे वापरीत नसत. विरामचिन्हे नव्हती, दोन शब्दांत जागा सोडण्याचीही पद्धत नव्हती. तरीही आज्ञा पोहोचत होत्या, हिशेब जुळत होते आणि शत्रूची जहाजे पकडली जात होती. आज आपण पाळतो ते लेखननियम अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. त्यांपैकी १४ नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. त्याआधी शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांची जुनी पत्रे घरी असतील तर काढून पाहावीत. त्यांत ‘पांच’, ‘कांही’, ‘घरें’ असे अनुस्वारांचे शिंपण दिसेल. त्या पिढीसाठी ते शुद्ध होते. आज शाळकरी मुलाने तसे लिहिले तर गुण कापले जातात.

या बदलाचे एक उदाहरण किनाऱ्यावरील श्रोत्यांना विशेष रुचेल. जुन्या पद्धतीत माणसाचे ‘नांव’ अनुस्वार देऊन लिहीत आणि समुद्रावर चालणारी ‘नाव’ अनुस्वाराविना. एक शब्द संस्कृत ‘नाम’पासून आलेला, दुसरा ‘नौ’पासून. नव्या नियमाने अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि दोन्ही शब्द कागदावर एकसारखे झाले. अर्थाचा घोटाळा होईल, अशी भीती तेव्हा वाटणे स्वाभाविक होते. तो का झाला नाही? कारण ‘ते नाव’ नपुंसकलिंगी आणि ‘ती नाव’ स्त्रीलिंगी. विभक्ती लागली की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ‘नावात पाणी शिरले’ असे कोणी म्हणत नाही. ‘नावेत पाणी शिरले’ असेच म्हणतो. ‘मुलाला आजोबांच्या नावेने हाक मारली’ असे वाक्य चार वर्षांच्या पोरालाही हसवील. शुद्धलेखनाने एक टिंब पुसले. व्याकरणाने अर्थ तोलून धरला. शाळेची पायरी न चढलेला माणूसही या दोन रूपांत कधी चुकत नाही. त्याला सामान्यरूप हा शब्द ठाऊक नसेल. सामान्यरूप मात्र पक्के ठाऊक असते.

याचा अर्थ ऱ्हस्व-दीर्घाला महत्त्व नाही, असा कोणी घेऊ नये. ‘शिक्षक दिन’ लिहिताना दीर्घ वेलांटी पडली तर शिक्षक ‘दीन’ होतो. ‘शिर’ आणि ‘शीर’ यांतील भेद वैद्याला विचारावा. संकेत मानवनिर्मित असला तरी तो सर्वांनी पाळला तरच उपयोगी पडतो, हे रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालविणाऱ्या प्रत्येकास कळते. मुद्दा क्रमाचा आहे. कोणत्या चुकीने भाषेला इजा होते आणि कोणत्या चुकीने केवळ इस्त्री बिघडते, याचा विवेक संपादकास हवा.

आज खरी इजा कोठे होत आहे? शब्दांपेक्षा ती वाक्याच्या कण्याला होत आहे. परकीय शब्द मराठीने पूर्वीही पचविले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘हुतात्मा’ यांसारखे शब्द दिले. ते कार्य थोर आहे आणि अपुरे राहिले आहे. परंतु फारसीचा अंमल असतानाही मराठी माणूस ‘सरकारास’, ‘किल्ल्यावर’, ‘फौजेत’ असेच म्हणत होता. शब्द बाहेरचा, प्रत्यय घरचा. ‘टेबलावर’ म्हणतानाही तेच घडते. आता मात्र प्रत्ययच परका होऊ लागला आहे. ‘त्याने माझी मदत केली’ हे वाक्य शब्दशः मराठी आहे आणि तरीही मराठी नाही. मराठीत ‘मला मदत केली’ असे म्हणतात. ‘मी त्याला बोललो’ हेही तसेच. मराठी माणूस त्याला ‘म्हणतो’ किंवा त्याच्याशी ‘बोलतो’. ‘त्यांच्याद्वारे सांगितले गेले’ या वाक्यात बोलणारा माणूसच हरवतो. ‘त्यांनी सांगितले’ म्हणताच तो परत येतो. यांत ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. शुद्धलेखनाच्या परीक्षेत या वाक्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतील. संपादकाने लाल शाई येथे खर्च करावी. (संस्थांची कार्यवृत्ते लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांनीही ‘करण्यात आले’ या क्रियापदाला काही काळ विश्रांती द्यावी. कार्य कोणी केले, हे वाचकाला कळले तर बिघडत नाही.)

आता बोलीचा प्रश्न. या परिसरातील आगरी, कोळी बांधवांच्या बोलण्यात पाण्याचे ‘पानी’ होते. ते ऐकून नाक मुरडणारे अजूनही आहेत आणि मुलांना घरची भाषा विसरावयास लावणे म्हणजेच संस्कार, असे मानणारी घरेही आहेत. वस्तुतः बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडात, १९०५ मध्येच, कोकणपट्टीतील बोलींची स्वतंत्र दखल घेतली गेली आहे. प्रत्येक बोलीला तिचे लिंग, वचन, विभक्ती असे नियम असतात आणि ती बोलणारे ते काटेकोरपणे पाळतात. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्यांची कविता प्रसिद्ध झाली तेव्हा ती त्यांच्या खानदेशी बोलीतच छापली गेली. कोणी विद्वानाने ती ‘शुद्ध’ करून छापली असती, तर महाराष्ट्र केवढ्या धनाला मुकला असता! सागरी भरती-ओहोटी, माशांच्या जाती, जाळ्यांचे प्रकार, भाताची खाचरे यांविषयी या किनाऱ्यावरील माणसांजवळ जे शब्द आहेत, ते पुण्या-मुंबईच्या प्रमाणभाषेत नाहीत. ते या त्रैमासिकात आले नाहीत, तर दुसरीकडे कोठून येणार?

बहिणाबाईंचे नाव निघाले की सुगरणीचा खोपा आठवतो, आणि खोप्याचा विषय निघाला की किहीमलाच परतावे लागते. १९३० मध्ये जर्मनीहून परतलेले पक्षितज्ज्ञ सालिम अली नोकरी नसल्याने येथे येऊन राहिले. पावसाळ्यात घराजवळच्या झाडावरील सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे त्यांनी चिकाटीने निरीक्षण केले आणि मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात, १९३१ मध्ये, त्यावर प्रबंध लिहिला. त्यातून स्पष्ट झाले ते असे: खोपा विणतो नर. तो अर्धवट विणून होतो तेव्हा माद्या पाहणीला येतात. एखादीला तो पसंत पडला, तर नर तो पूर्ण करतो आणि पुढे दुसऱ्या खोप्याच्या मागे लागतो. मराठीत मात्र विणणाऱ्याचे नाव सुगरण, आणि ती स्त्रीलिंगी! भाषेतील लिंग आणि निसर्गातील लिंग एक नव्हे, हे व्याकरणाच्या कोणत्याही धड्यापेक्षा किहीमच्या त्या झाडाने अधिक चांगले शिकविले. या शोधानंतर कोणी ‘तो सुगरण’ म्हणू लागले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही.

याच सालिम अलींची आणखी एक गोष्ट या प्रसंगी अधिक मोलाची आहे. त्यांचे इंग्रजी गद्य पुढे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या १९४१ च्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाले. पण आपले गद्य सुधारले ते पत्नी तेहमिना यांच्या साहाय्याने, असे श्रेय त्यांनी दिलेले आहे. निरीक्षण त्यांचे होते; वाक्यावर दुसऱ्या डोळ्यांची नजर फिरत होती. त्यांनी आधी भाषा घासून-पुसून घेऊन मग पक्षी पाहायचे ठरविले नाही, आणि पक्षी पाहिले म्हणून भाषा कशीही चालेल, असेही मानले नाही.

संपादक मंडळातील वादाचा निकाल येथेच लागतो. व्याकरण ही लेखकाने दारात भरावयाची जकात नव्हे; ती संपादकाने वाचकाप्रती पार पाडावयाची जबाबदारी आहे. नाखव्याने जसे सुचेल तसे लिहून द्यावे. लिहिता येत नसेल तर सांगावे आणि नातीने उतरवून घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, स्वल्पविराम पाहणे हे मुद्रितशोधकाचे काम. मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण आणि अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ टेबलावर असला, तर बहुतेक शंका मिटतात. मात्र दुरुस्त केलेला मजकूर छापण्यापूर्वी लेखकास वाचून दाखवावा. ‘हे मी म्हटले नव्हते’ असे तो म्हणाला, तर संपादकाने आपली दुरुस्ती मागे घ्यावी. बोलीतील लेखनास प्रमाणभाषेचा अंगरखा चढवू नये. अवघड शब्दांचे अर्थ लेखाखाली द्यावेत. बातमी, हिशेब आणि निवेदने प्रमाण मराठीतच असावीत, कारण ती दूरच्या वाचकालाही पहिल्या वाचनात कळावयास हवीत.

मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनाच आहे. त्यानंतरही कोणा आजीने ‘आमचे कसले लिहिणे’ म्हणून कागद परत केला, तर तो तिच्या हाती पुन्हा देण्याचे काम कार्यकर्त्यालाच करावे लागेल. दुसऱ्या अंकाला अवधी तीनच महिन्यांचा आहे. तोवर पावसाळा लागेल, नावा किनाऱ्यावर ओढल्या जातील आणि किहीमच्या कोळीवाड्यात माणसांना बसून बोलण्यास सवड मिळेल. वही घेऊन जाण्यास तोच काळ योग्य.