एकच औषध, निराळा गुण



शिक्षक बोलावयास उभा राहिला की तो परीक्षेतील गुणांवर बोलणार, असे आपण धरून चालता. मीही गुणांवरच बोलणार आहे, परंतु औषधाच्या गुणावर. एकाच दुखण्यावर एकच औषध दिले, तरी एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही. मग आपण म्हणतो, 'नशीब ज्याचे त्याचे', किंवा रोग्यालाच दोष देतो की याने पथ्य पाळले नसेल. हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगात या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी शोधून काढले आहे.

हा रोग रक्तावाटे पसरतो. पुन्हा पुन्हा वापरलेली सुई, न तपासलेले रक्त, एकाचा वस्तरा दुसऱ्याला, ही त्याची वाट. आपल्या दिघ्यात काय किंवा अन्यत्र काय, सुई टोचल्याशिवाय डॉक्टर चांगला वाटत नाही, हा आपला जुना समज आहे. तो सोडावा हे बरे. मात्र एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा मुलाला मांडीवर घेतल्याने हा रोग होत नाही. विषाणू शरीरात वीस-वीस वर्षे गुपचूप राहतो आणि यकृत कठीण करून टाकतो; कधी त्यातून कर्करोगही उद्भवतो. 1989 साली तो ओळखला गेला आणि त्या कामासाठी 2020 चे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना मिळाले.

पूर्वीचा उपचार म्हणजे इंटरफेरॉनचे इंजेक्शन आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या. इंजेक्शन आठवड्यातून एकदा; काहींना चोवीस आठवडे, काहींना अठ्ठेचाळीस. ताप, अंगदुखी, केस गळणे, रक्त कमी होणे, मन खचणे, हे सारे सोसावयाचे. एवढे करून पहिल्या प्रकारच्या विषाणूचे निम्म्याहून अधिक रोगी बरे होत नसत. घरची जमापुंजी संपलेली आणि विषाणू जागच्या जागी!

2009 साली अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि जपान येथील संशोधकांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले की, आपल्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर एका ठिकाणी काहींमध्ये 'सी' हे अक्षर असते आणि काहींमध्ये 'टी'. (हा 'सी' रोगाच्या नावातला नव्हे, विद्यार्थ्यांनी गोंधळू नये.) प्रत्येकाला या अक्षराची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. ज्यांना दोन्ही 'सी' मिळाले त्यांना, दोन्ही 'टी' मिळालेल्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात औषधाचा गुण येई. उपचाराविना आपोआप विषाणू घालवणारेही त्यांच्यातच अधिक.

आता वर्गात फळ्यावर सोडवतो तसे हे गणित पाहा. आई-वडील दोघांकडे एक 'सी' आणि एक 'टी' असेल, तर मुलाला दोन्ही 'सी' मिळण्याचा संभव चारात एक, दोन्ही 'टी' मिळण्याचाही चारात एक, आणि एक-एक मिळण्याचा चारात दोन. म्हणजे एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन सख्ख्या भावांपैकी एक बरा व्हावा आणि दुसरा होऊ नये, यात आईच्या सेवेत काही उणे नसे आणि मुलाच्या पथ्यातही नसे.

पुढे 2013 साली आणखी एक गोष्ट उघड झाली. ज्यांची खूण प्रतिकूल, त्यांच्या शरीरात एक जादा इंटरफेरॉन तयार होऊ शकतो. जादा असेल तर चांगलेच, असे आपल्याला वाटेल. परंतु घरात आधीच गलका चालू असेल तर दारातून मारलेली हाक ऐकू येत नाही, तसे यकृताचे होते. ते आधीच गजबजलेले असते, म्हणून बाहेरून टोचलेल्या इंटरफेरॉनला ते दाद देत नाही.

रक्तातील असे भेद मुंबईला नवे नाहीत. 'बॉम्बे रक्तगट' 1952 साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच ओळखला. हिवतापावरच्या प्रायमाक्विनने ज्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, अशा जन्मजात उणिवेचे लोक पारशी समाजात अधिक आढळतात. यात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. भारतीयांत 'सी' बरेच आढळते, आणि आपल्या देशात विषाणूचा तिसरा प्रकार अधिक असल्याने या अक्षराचा प्रभावही कमी पडतो. विषाणूचा प्रकार निराळा आणि माणसाचे जनुक निराळे. रिपोर्ट वाचताना या दोहोंची गल्लत पुष्कळ जण करतात.

आणि आता सांगण्यासारखी मुख्य गोष्ट. ही विषमता औषधानेच जवळजवळ पुसून टाकली. सोफोसबुव्हिरसारख्या नव्या गोळ्या शरीराच्या प्रतिकाराची वाट पाहत बसत नाहीत, त्या विषाणूची वाढच थांबवतात. त्यामुळे 'सी' असो वा 'टी', साधारण बारा आठवड्यांत शंभरातील नव्वदहून अधिक रोगी बरे होतात. अमेरिकेत 2013 च्या अखेरीस ही गोळी आली तेव्हा एकीची किंमत हजार डॉलर होती. 2014 साली भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचा परवाना मिळाला. 28 जुलै 2018 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. तेव्हा ज्यांना पूर्वी रक्त चढवले आहे, ज्यांचे डायलिसिस चालते, ज्यांनी जुन्या औषधाचा गुण आला नाही म्हणून आशा सोडली आहे, त्यांनी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. गोळ्या सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणी करून घ्यावी, कारण तो दबलेला असल्यास उसळू शकतो. सी वर लस नाही, आणि एकदा बरा झालेला माणूस दूषित सुईने पुन्हा आजारी पडू शकतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत नोकरीस जाणाऱ्या मुलांसाठी एक सूचना. बरे झाल्यानंतरही प्रतिपिंडांची साधी तपासणी बहुधा जन्मभर 'पॉझिटिव्ह' येते. त्याचा अर्थ रोग आहे असा नव्हे. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी विषाणूच्या आरएनएची जी तपासणी होते, तिचा कागद दहावीच्या गुणपत्रिकेजवळ जपून ठेवा आणि कोणी शंका घेतल्यास तो पुढे करा.