पैसा हाती येतो तेव्हा

गंगाखेड भागात शेतीवरच्या घराचं खर्चाचं गणित महिन्यावर नाही, हंगामावर बसतं. सोयाबीन विकलं, कापूस गेला की पैसा हातात येतो आणि नेमकी तेव्हाच घराची कामं निघतात. म्हणून किराणा, शाळेचा खर्च आणि पुढच्या पेरणीचं बियाणं-खत एवढे पैसे आधी बाजूला काढावेत. उरतील त्यात घराचं एकच काम घ्यावं.

माझं मत विचाराल, तर ते गच्चीला चुना मारण्याचं असावं, तेही उन्हाळ्याआधी. इथला पारा चाळिशी ओलांडतो. पांढरी गच्ची ऊन परतवते, खालची खोली कमी तापते. चुन्याची कळी रात्रभर भिजवा. पाण्यात पडताच ती खदखदते, तेव्हा प्लास्टिकची बादली नको, डोळे सांभाळा आणि लेकरांना लांब ठेवा. सकाळी फडक्यातून गाळून, थोडा डिंक घालून दोन पातळ हात द्या. घाईनं दिलेल्या जाड थराचे पापुद्रे सुटतात.

कमी खर्चात फिरायचं म्हणाल, तर गंगाखेडमध्येच गोदाकाठ आहे, संत जनाबाईंचं मंदिर आहे. भाकरी-ठेचा बांधून घेतला की झालं! परळी वैजनाथला जायचं तर मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. आधारकार्ड तेवढं जवळ ठेवा. रेल्वेही आहेच, गंगाखेड परभणी-परळी मार्गावरच येतं. फक्त गाडीची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या.